दावणीचा ससाणा

शहापूरच्या नाक्यावर चहाला थांबलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, किती देते?"

किती देते म्हणजे एका लिटर पेट्रोलला किती किलोमीटर. आपल्याकडे मोटारसायकलची पत्रिका मांडायची ती या एकाच ग्रहावरून. मी खरे ते सांगून टाकतो, "पंधरा." विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर अशी काही कणव उमटते, की घरात कुणी दीर्घकाळ आजारी आहे असे मी सांगितले असावे. मग दुसरा प्रश्न येतो, "आणि घेतली कितीला?" या प्रश्नाला मी हल्ली चहाचा मोठा घोट घेतो. कारण एकदा आकडा सांगितला होता, तेव्हा शेजारच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ शांतपणे म्हणाले होते, "एवढ्यात ट्रॅक्टर आला असता. वर ट्रॉली."

ट्रॅक्टरच आला असता, हे मलाही मान्य आहे. पण डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने ट्रॅक्टर घेऊन काय करायचे? हाच न्याय मोटारसायकलला लावला तर ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जाऊ शकणारी ही चीज घेऊन तरी डोंबिवलीत काय करायचे, असे तुम्ही विचाराल. ते मी स्वतःलाही गेली दोन वर्षे विचारतो आहे.

या यंत्राचे नाव हायाबुसा. सुझुकी या जपानी कंपनीने ते १९९९ साली प्रथम बाजारात आणले, तेव्हा रस्त्यावर चालवण्याच्या मोटारसायकलींत याहून वेगवान दुसरी नव्हती. पुढे ही चढाओढ इतकी हाताबाहेर जाऊ लागली, की जपानी आणि युरोपीय कारखानदारांनी आपसांत समजूत करून ताशी २९९ वर पडदा टाकला. हायाबुसा म्हणजे जपानी भाषेत बहिरी ससाणा. भक्ष्यावर झेप घेताना हा पक्षी ताशी तीनशे किलोमीटरचा वेग ओलांडतो. दुसऱ्या एका कंपनीच्या 'ब्लॅकबर्ड' नावाच्या गाडीला मागे टाकायचे होते म्हणून काळ्या पक्ष्याला खाणारा पक्षी निवडला, असे सांगतात. गाडीच्या अंगावर त्या ससाण्याचे जपानी अक्षर मोठे कोरलेले असते. मुरबाडकडच्या एका शाळकरी पोराने ते निरखून पाहून मला विचारले होते, "काका, हे तुमचं आडनाव आहे का?"

२००४ साली 'धूम' हा चित्रपट आला तेव्हा मी कॉलेजात होतो. त्यातल्या चोराची ही गाडी. चित्रपट तीनदा पाहिला, आणि मग नोकरी, लग्न, घराचे हप्ते, मुलीची शाळा यांत ते वेड कुठल्या कुठे गेले असे मला वाटले होते. वडील गेले आणि त्यांनी साठवलेल्या पैशातला माझा वाटा हाती आला, तेव्हा ते वेड जागच्या जागी होते असे आढळून आले. गाडी जुनी घेतली, दोन वर्षे वापरलेली, तरी त्या वाट्यातले फारसे काही उरले नाही. सौ. रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "बाबांनी लोकलचा दुसरा वर्ग आयुष्यभर सोडला नाही, नाही का?"

तर अशी ही गाडी घेऊन दसऱ्यानंतरच्या शनिवारी मी आजोळी निघालो. हँडलला झेंडूचा सुकलेला हार तसाच होता. आजोळ सरळगावच्या बाजूला, मुरबाड तालुक्यात. डोंबिवलीहून कल्याणमार्गे मुरबाड हा सरळ रस्ता असताना मी शहापूरचा फेरा घेतला. कारण सांगायलाच हवे तर, नाशिक महामार्गावर गाडीला जरा मोकळे सोडता येईल ही आशा.

ती आशा कल्याणातच निम्मी मेली. कोंडीत अडकले की या गाडीचे इंजिन तापते, आणि त्याची धग नेमकी बसणाऱ्याच्या मांड्यांना लागते. वजन २६६ किलो. ते धावताना जाणवत नाही, पण उभ्याने दोन पायांवर तोलून धरले की प्रत्येक किलो आपले नाव सांगतो. मनगटांवर शरीराचा भार, मान वर, पाठ वाकलेली. वाऱ्याशी झुंजण्यासाठी आखलेली ही बैठक, आणि समोर वारा नव्हे, सिमेंट मिक्सर. डावीकडून एक बाई स्कूटरवर मागे दोन मुले आणि पुढे भाजीची पिशवी घेऊन सहज निघून गेल्या.

महामार्गाला लागलो तर रुंदीकरण, खड्डे आणि ट्रकांची रांग. आसनगाव येईपर्यंत मी तिसऱ्या गियरच्या वर गेलो नाही. ही गाडी पहिल्या गियरमध्येच शंभरी ओलांडते. तिला एकूण गियर सहा. वरचे तीन गियर म्हणजे आमच्या घरातला पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला चिनी मातीचा संच आहे.

शहापूरजवळ मान वर करून पाहिले की समृद्धी महामार्गाचे उंच खांब दिसतात. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि रस्ता पुरा झाला. ताशी १२० ची मुभा असलेला, वाटेत चौक नाही, गाय नाही, गतिरोधक नाही असा रस्ता. माझ्या गाडीने स्वप्नात पाहावा असा. आणि त्यावर दुचाकींना बंदी आहे! मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही आहे. बाकीचे रस्ते उरतात, त्यांवर केंद्र सरकारने २०१८ साली मोटारसायकलला मर्यादा घालून दिली: चौपदरी महामार्गावर ८०, इतर रस्त्यांवर ६०. म्हणजे १९० अश्वशक्तीचे इंजिन मी कायदेशीरपणे जेवढे वापरू शकतो, तेवढे एखाद्या साध्या फटफटीतही असते. बाकीच्या शक्तीचा मी नुसता मालक आहे.

त्या खांबांकडे पाहताना आणखीही एक आठवते. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे सरलांबे गावाजवळ या महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना तुळया चढवणारे प्रचंड यंत्र कोसळले आणि वीस माणसे मेली. वरून जाणाऱ्या मोटारींना सरलांबे दिसत नाही. या तालुक्याच्या नशिबीच हे आहे की काय कोण जाणे. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणे या भागातली. १८९२ साली तानसाचे पाणी मुंबईकडे जाऊ लागले, आज एकटे भातसा मुंबईला जवळजवळ निम्मे पाणी पुरवते. आणि चैत्र-वैशाखात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेत असतात. पाणी येथून जाते, वेग येथून जातो. मीही येथून जातोच. थांबतो तो चहापुरता.

शहापूर सोडून भातसा ओलांडली आणि किन्हवलीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मात्र जीव निवला. पाठीमागे माहुलीचे सुळके निळसर दिसत होते. हाच तो किल्ला, जिथे १६३६ साली निजामशाहीचा लहानगा वारस घेऊन शहाजीराजांनी शेवटचा तग धरला. दोन्ही बाजूंना हळवे भात पिवळे झालेले, काही शेतांत कापणी सुरू, कापलेल्या भाताचे भारे बांधावर उभे. हवेत ओल्या पेंढ्याचा आणि वाळत्या मातीचा वास. मी शिरस्त्राणाची काच वर केली आणि चाळीसवर चालवू लागलो. इंजिन कुरकुरत होते. त्याला चाळीस म्हणजे काय, झोपेत कूस बदलणे.

आणि तरीही खरे सांगायचे तर तो एक तास सुखाचा होता. वळण आले की गाडी आपण होऊन कलते, मनगट केसाएवढे पिळले तरी पोटात काहीतरी मागे राहते आणि आपण पुढे जातो. एवढी ताकद आपल्या मुठीत आहे आणि आपण ती वापरत नाही, यातही एक श्रीमंती आहे. कंजुषाला तिजोरीच्या नुसत्या किल्लीने होत असेल तसा आनंद. मग गतिरोधक येतो. गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंचांवर, म्हणजे १२५ मिलिमीटर, आणि आमच्या गावोगावचे गतिरोधक लोकांनी स्वतःच्या पोरांच्या काळजीने घातलेले, चांगले भरदार. प्रत्येकावर मी गाडी तिरकी घालून, दात आवळून, गाभण म्हशीसारखी पलीकडे नेतो. तरी एके ठिकाणी खर्रर्र आवाज झालाच. ओट्यावर बसलेल्या एका आजीबाईंनी पदर तोंडाला लावला. दुःखाने नव्हे.

मामांच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा सगळी वाडी गोळा झाली. मामा आता पंच्याहत्तरीचे आहेत. ते गर्दी पांगेपर्यंत बाजेवर बसून राहिले. मग उठले आणि गाडीभोवती एक पुरा फेरा घेतला. मी ओळखले, ते बैल बघत होते. म्हसा येथे पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, तिथला जनावरांचा बाजार मोठा. मामांनी उभ्या आयुष्यात तिथे किती बैल पारखले असतील त्याला गणती नाही. त्यांनी मागच्या रुंद टायरवर थाप मारली, वाकून पोटाखाली पाहिले, सीटवर पंजा दाबून पाठीचा कणा तपासावा तसे केले. दात तेवढे मोजायचे राहिले.

"चिखलातून उठंल का?" त्यांनी विचारले.

"नाही, मामा."

"वझं?"

"नाही. मागे जेमतेम एक माणूस."

"मग हिचं काम काय?"

मी काही तरी बोललो. वेग, यंत्रविद्या, जपानी लोकांची कारागिरी. मामांनी ऐकून घेतले. मग रात्री जेवणे झाल्यावर, ओटीवर पान जमवता जमवता, त्यांनी मला खिल्लाराची गोष्ट सांगितली. ती मी पूर्वी कधी ऐकली नव्हती.

१९८३ च्या जत्रेत त्यांनी एक खिल्लार बैल घेतला होता. पांढरा शुभ्र, लांब शिंगांचा, चालला की जमीन वाजायची. कोंढाळे करून लोक बघायला यायचे. पण आमच्या बाजूला पावसाचे जनावर म्हणजे डांगी. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, चार महिन्यांच्या झडीत आणि चिखलणीत ते टिकते. खिल्लार माणदेशाकडचे, कोरड्या रानातले. पहिल्याच आषाढात त्याचे खूर नरमले. शिवाय जोड जमेना. एका बाजूला हा चार ढांगांत शेत संपवणारा, दुसऱ्या बाजूला ठेंगणा डांगी. जू तिरके होई, नांगर भलतीकडे जाई. शेवटी मामांनी शेजाऱ्याचा बैल उसना आणून भात लावले आणि खिल्लार दावणीला बांधून ठेवला.

"दोन वर्सं निस्ता बघत व्हतो," मामा म्हणाले. "सकाळी उठून पयलं त्याला बघायचं. तुझी मामी म्हनायची, पेंढा खातो नि रुबाब दावतो. खरं व्हतं. पन गोठ्यात उभा राह्यला की गोठा भरल्यासारखा वाटं, काय सांगू तुला."

"मग?"

"मग म्हशालाच नेला परत. घाटावरचा एक जन आला. त्याच्या जमिनीचं माप त्याला बरोबर व्हतं. दिला त्याला."

"वाईट वाटलं?"

मामांनी पानाला चुना लावला. "कासरा हातातनं सुटंना," एवढेच म्हणाले, आणि विषय बदलून बैलगाड्यांच्या शर्यतींकडे वळले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने घातलेली बंदी, २०२१ अखेर मिळालेली परवानगी, २०२३ चा निकाल, हे सारे त्यांना तारखांसह पाठ आहे. शर्यती सुरू झाल्या याचा त्यांना आनंद आहे, आणि बैलांचे हाल होतात हेही ते कबूल करतात. एकाच दमात.

आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. मामेभावाचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर कामाला जातो. स्वतःची लहान मोटारसायकल हप्त्याने घेतली आहे. त्याने रात्री तीनदा निरनिराळ्या शब्दांत मला किल्ली मागितली. "काका, फक्त नाक्यापर्यंत." मी नाही म्हटले. माझे मलाच ते आवडले नाही. कारण 'तुला झेपायची नाही' असे मी म्हटले, आणि मला झेपते की नाही हे मी स्वतः कधी ठरवले होते? मग त्याचे मन राखायला म्हटले, पहाटे मागे बसून चल, माळशेजच्या पायथ्यापर्यंत जाऊन येऊ.

कल्याणहून माळशेज घाटाने नगरला जाणारा हा रस्ता. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले तरी लोक नगर रस्ताच म्हणतात. उजाडायच्या वेळी तो अगदी मोकळा होता. समोर सह्याद्रीची भिंत, नाणेघाटाच्या बाजूचा नानाचा अंगठा धुक्यातून वर आलेला. सातवाहनांच्या काळी याच घाटाने कल्याणचा माल जुन्नरला चढत असे, आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून आहे. मी हे सगळे पोराला ओरडून सांगत होतो आणि त्याला काही ऐकू येत नव्हते. टोकावड्याच्या पुढे एक सरळ पट्टा लागला. पाठीवर हलकी थाप पडली. "काका, एकदाच."

मी मूठ पिळली.

त्यानंतर जे झाले ते लिहिण्याइतके लांब नव्हते. झाडे एकमेकांत मिसळली. आवाज मागे पडला. पाठीमागे पोरगा मोठ्याने हसत होता आणि मीही हसत होतो, विशीतल्यासारखा. मी एकदाच खाली पाहिले, काटा १४८ वर होता. पुन्हा वर पाहिले तर डावीकडच्या पायवाटेवरून सायकलला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेला एक माणूस, मान खाली घालून, सावकाश, रस्त्यावर येत होता.

ब्रेक उत्तम आहेत. ज्यांनी ते बनवले त्यांचे हात मी मनात शंभरदा जोडले आहेत. मुठीखाली लिव्हर थरथरत राहिला, चाके अडली नाहीत, पोरगा माझ्या पाठीवर आदळला, आणि गाडी थांबली तेव्हा मधे साताठ हातांचे अंतर होते. तो माणूस रस्ता ओलांडून गेला. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. किटल्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

२०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे मेली, त्यांतली दर शंभरात चव्वेचाळीस दुचाकीवरची. हे मला आधीही माहीत होते. या डोंगरातलेच दुसरे एक उदाहरण आहे. २००९ साली एका म्हाताऱ्याशा बिबट्याला गळ्यात पट्टा बांधून माळशेजमध्ये सोडले होते. 'आजोबा' म्हणत त्याला. पुढे त्याच्यावर मराठीत चित्रपटही निघाला. तो रात्री-रात्री चालत, कसाऱ्याजवळ रेल्वे ओलांडून, आग्रा महामार्ग ओलांडून, सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापाशी पोचला. मुरबाड आणि शहापूर तालुक्यांतून पायी. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदरच्या बाजूला महामार्गावर एका वाहनाने त्याला उडवले. त्या चालकालाही कदाचित वाटले असेल, रस्ता मोकळा आहे.

आम्ही पायथ्यापर्यंत गेलो नाही. तिथेच वळलो. येताना तीस-चाळीसच्या वर गेलो नाही आणि दोघेही बोललो नाही. मला वाटले, पोराला जे कळायचे ते कळले. अंगणात उतरल्यावर मी तोंड धुवायला मागे गेलो, परत येतो तो त्याच्याभोवती पाचसहा मित्र जमलेले. तो सांगत होता, "एकशे अठ्ठेचाळीस! मी सोता बघितला काटा." मित्रांनी विचारले, मग? "मग काय, काका बोलले परत फिरू." किटल्या, सायकल, साताठ हात, यातले काहीही त्याच्या गोष्टीत नव्हते. आणि मी पुढे होऊन ते घातले नाही. मामा बाजेवरून माझ्याकडे पाहत होते. त्यांना काही कळले होते का, हे मी अद्याप विचारलेले नाही.

निघायच्या आधी मी पोराला एकट्याला बोलावले. या गाडीत एक सोय आहे: बटणे दाबून कमाल वेग ठरवून दिला, की नेहमीसारखी मूठ पिळली तर गाडी त्यापुढे जात नाही. कारखानदाराने आपल्याच ससाण्याच्या पायाला बांधायला दिलेली दोरी म्हणा. मी त्याच्यासमोर ती ८० वर लावली. म्हटले, हे बघ, आता ही याच्यावर जाणार नाही.

त्याने लक्षपूर्वक पाहिले. मग विचारले, "पण काका, ते परत काढता येतं ना?"

"येतं," मी म्हटले.

मामींनी नव्या हळव्या भाताचे पाच किलो तांदूळ पिशवीत बांधून आणले. आता ते ठेवायचे कुठे? मागे पट्टा अडकवायला आकडा नाही, कडेला पिशवी लावली तर ती एक्झॉस्टला टेकून जळणार. मामा, मामेभाऊ आणि अर्धी वाडी यांनी दहा मिनिटे विचारविनिमय केला. "एवढी ताकद, नि पाच किलोला जागा नाय," असे कुणीतरी म्हणाले आणि सगळे मनापासून हसले. शेवटी पिशवी टाकीवर, माझ्या पोटाशी ठेवून सुंभाच्या दोरीने माझ्या कमरेलाच बांधली. मुरबाडच्या अलीकडे एक लाल एस.टी. मला मागे टाकून गेली. मागच्या काचेतून दोन मुलांनी हात हलवला.

घरी पोचलो तेव्हा सौ.ने पिशवी हातात घेतली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, तांदूळ गरम कसा?"